एका बाहीसाठी पार्सर जनरेटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर माझा आहे, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो मी निवडला, त्याच्यासाठी बैठकीच्या खोलीतला कोपरा मी मोकळा केला, आणि त्याचं टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली पुठ्ठ्याची घडीही मीच सारली. पण तो घरी आला त्या दिवशी मी ऑफिसात होतो. जोडून द्यायला आलेल्या माणसाने "घरात मुख्य कोण?" असं विचारलं आणि बायकोने जे खरं ते सांगितलं. तेव्हापासून कॉम्प्युटरच्या दृष्टीने प्रशासक ती आहे आणि मी नुसता वापरणारा. हे मला पार्सर जनरेटर बसवायला घेईपर्यंत कोणी कळवलं नव्हतं.

पार्सर जनरेटर म्हणजे काय, हे मला मध्यंतरी इतक्या लोकांना सांगावं लागलं की आता ते तोंडपाठ आहे. एखादा मजकूर ठरावीक नियमांनी लिहायचा असेल, तर तो तसा लिहिला आहे की नाही हे वाचून सांगणाऱ्या प्रोग्रॅमला पार्सर म्हणतात. आणि नुसते नियम हातात दिले की असा वाचणारा तयार करून देतं, ते पार्सर जनरेटर. ते स्वतः काही वाचत नाही, वाचणारा नेमून देतं आणि बाजूला होतं. मी आवक-जावक विभागात नोकरी करतो. आमचे साहेब हेच करतात, त्यामुळे मला ही कल्पना चटकन समजली.

आता आवक-जावकवाल्या माणसाला हे असलं काही का लागावं, तर बायकोसाठी. ती एका मासिकात विणकामाचं सदर लिहिते. दर महिन्याला एक नमुना: इतके टाके घाला, दोन सुलट, दोन उलट, इथे दोन टाक्यांचा एक करा. मागच्या थंडीत तिच्या लहान मुलांच्या स्वेटरमध्ये गळा लिहायचा राहून गेला. ज्या बायकांनी तो इमानेइतबारे विणला, त्यांच्या हाती एक लोकरीची पिशवी आली. पिशवी उबदार होती, कोणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती, पण पोराचं डोकं तिच्यातून बाहेर निघेना. मासिकाकडे पत्रं गेली. संपादिकाबाईंनी फोन करून अतिशय गोड आवाजात सांगितलं की आणखी एक चूक झाली, तर हे पान क्रोशाच्या बाईंना द्यावं लागेल. बायकोने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

ते पान तिचं काय आहे, हे मला ठाऊक आहे. मासिक आलं की ती लगेच आपलं पान उघडत नाही. आधी सगळं मासिक वाचते, जाहिरातींसकट, आणि मग सहज पोचल्यासारखं दाखवत त्या पानावर येते. तिथे आली की चष्मा पुसते. ते पान क्रोशाकडे जावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

त्या सुमारास मी घरबसल्या प्रोग्रॅमिंगचा एक वर्ग करत होतो. पन्नाशी उलटल्यावर मेंदूला काम द्यावं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मेंदूला विचारलं नव्हतं. वर्गात पार्सरचा धडा आला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला की विणकामाच्या नमुन्याइतका नियमाने लिहिलेला मजकूर आमच्या घरात दुसरा नाही. त्याचा पार्सर केला की राहिलेला गळा छापण्याआधीच सापडेल. जेवताना मी ही योजना जाहीर केली.

"गळा राहिला तर ते सांगेल?" बायकोने विचारलं.

"सांगेल."

"मग बसवा. पण माझ्या कागदांवर पसारा नको."

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी कामाला लागलो. शेजारच्या टेबलावर ती नवा नमुना लिहीत बसली होती. पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर. पुढची बाजू, पाठ आणि गळा झाला होता, बाही चालू होती. मी पार्सर जनरेटर उतरवून घेतलं, बटण दाबलं आणि कॉम्प्युटरने माझं नाव आणि पासवर्ड मागितला. मी दिला. त्यावर त्याने लिहिलं की तुम्हाला हा अधिकार नाही, कृपया प्रशासकाशी संपर्क साधा. हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकतो. घरी ऐकण्याची ही पहिली वेळ होती.

"अगं, जरा येतेस का?"

"लिहितेय."

"एकच मिनिट. तुझा पासवर्ड लागतोय."

ती हातातलं पेन तसंच धरून आली. मी म्हटलं, सांग, मी टाइप करतो. ती म्हणाली, "तिकडे तोंड करा." मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर माणसाला भिंतीवरच्या घड्याळाची काच किती मळली आहे ते असं कळतं. "झालं," ती म्हणाली आणि परत गेली. त्या कॉम्प्युटरची मात्र एका भेटीत शंका फिटणारी नव्हती. त्याने तिला पुन्हा बोलावलं, आणि मग खरंच बसवायचं ना, हे विचारायला आणखी एकदा. शेवटच्या खेपेला तिने पेन खाली ठेवलं होतं आणि तोंडही मिटलेलं होतं.

बसलं. मी कॉम्प्युटरची ती काळी खिडकी उघडली, जिच्यात हुकूम लिहून द्यायचे असतात, आणि नव्या जनरेटरला हाक मारून विचारलं, तू कोणती आवृत्ती? उत्तर आलं ते भलत्याच पुरातन आवृत्तीचं. चौकशीअंती कळलं की कारखान्यातूनच या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुनं जनरेटर बसवून पाठवलेलं असतं, आणि हाक कोणालाही मारली तरी ओ तेच देतं. आमच्या विभागातले निवृत्त हेडक्लार्क अजून रोज येऊन खुर्चीवर बसतात. नव्या हेडक्लार्कला बोलावलं की "काय हवंय?" असं तेच विचारतात. तसलाच हा प्रकार होता.

मी साडूंना फोन केला. साडूंचा कॉम्प्युटरशी तसा संबंध नाही, ते कॉम्प्युटरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात; पण त्यामुळे त्यांना अधिकाराने बोलायची सवय लागली आहे. ते संध्याकाळी आले आणि म्हणाले, "दादा, असं सुटं आणून बसवतं का कोणी? आधी एक भांडारी बसवायचा. मग त्याला सांगायचं, अमुक आण. तो आणतो, लावतो, हिशेब ठेवतो." भांडारी म्हणजेही एक प्रोग्रॅमच होता. त्याला बसवताना प्रशासकांना परत यावं लागलं, मला परत भिंतीकडे वळावं लागलं, आणि या खेपेला साडूंनाही वळावं लागलं. भांडाऱ्याने जनरेटर आणलं आणि त्याच्याबरोबर त्याला लागणारी इतर मंडळी आणली, त्या मंडळींनी आपापली मंडळी आणली. मी नावं वाचायचं सोडून दिलं. शेवटी हाक मारली. ओ जुन्यानेच दिली.

हा सगळा गलबला ऐकून समोरच्या घरातले टेलिफोनकाका आले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि तयार मिळणाऱ्या कोणत्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नाही. ते म्हणाले, "हे बघा, मूळ माल मागवा आणि घरी तयार करा. आत काय गेलंय ते तरी कळतं." तशीही सोय होती. मूळ मजकूर उतरवून घ्यायचा आणि आपल्याच कॉम्प्युटरवर त्याचं जनरेटर घडवायचं. पडद्यावरून भराभरा ओळी धावू लागल्या. साडू आणि काका खुर्च्या ओढून समोर बसले. त्यातलं एकही अक्षर आम्हा तिघांपैकी कोणाला कळत नव्हतं, तरी मधूनमधून काका "हं, आता बरोबर चाललंय" असं म्हणत होते, आणि त्याने मला खरोखरच धीर येत होता. बायकोला पुन्हा बोलवावं लागलं. आम्ही तिघंही न सांगता भिंतीकडे वळलो.

तिसरं जनरेटर बसलं. नंतर काकांनी हाक कोणाकडे न्यायची हे कॉम्प्युटरला सांगणारी कसलीशी एक ओळ बदलली आणि नवी आवृत्ती अधूनमधून ओ देऊ लागली. तेवढ्यावर मी समाधान मानलं. पुढचे काही दिवस ऑफिसातून आलो की मी बायकोचे जुने नमुने वाचायचो आणि त्यांच्यावरून नियम लिहायचो. टाके घातल्याशिवाय ओळ सुरू होत नाही. ओळीत सुलट असतील, उलट असतील, घटवलेले असतील. पुढच्या बाजूला गळा असलाच पाहिजे; हा नियम मी ठळक लिहिला. मग नवा नमुना टाइप केला, बायकोला शेजारी बसवलं आणि पार्सर चालवला.

पुढची बाजू गेली. पाठ गेली. गळा सापडला, तेव्हा बायकोने मान डोलवली आणि मला नोकरीत मिळाली नव्हती इतकी बढती मिळाल्यासारखं वाटलं. मग बाही आली आणि पार्सर थांबला. त्याने लिहिलं: बाही, ओळ सतरा, अनपेक्षित शेवट.

"काय म्हणतंय?"

"बाहीच्या सतराव्या ओळीत काहीतरी आहे म्हणतंय."

बायकोने आपला कागद काढून ती ओळ वाचली. "ओळ नऊ ते सोळा पुन्हा पुन्हा विणत जावे. बरोबर आहे की."

आमच्या घरात तिने बरोबर आहे म्हटलं की विषय संपतो. विणकामात तर तो सुरूच होत नाही. मी स्वतः ती ओळ तीनचारदा वाचली. मलाही ती बरोबर वाटली, पण विणलेल्या वस्तूंशी माझा संबंध बनियन घालण्यापुरताच. तेव्हा दोष जनरेटरचा, हे एकमताने ठरलं. फक्त कोणत्या जनरेटरचा, यावर मी पुन्हा बोलावून घेतलेल्या साडूंचे आणि काकांचे मतभेद होते.

साडू म्हणाले, "दादा, तीन बसवलीत तुम्ही. चौथं कारखान्याचं. ती आत आपसात भांडताहेत. काकांचं काढा."

काका म्हणाले, "माझं घरचं आहे. या भांडाऱ्याने आणलेलं काढा, बघा कसं सुतासारखं सरळ चालतं."

दोघांचा मान राखायचा म्हणून मी सगळीच काढून नव्याने एकच बसवायचं ठरवलं. इथे माझा अंदाज चुकला. आमच्या विभागात जो कागद आवक होतो, तो कधी ना कधी जावक होतोच. त्यासाठीच तर आम्हाला बसवलं आहे. कॉम्प्युटरमध्ये आवक विभाग झोकात आहे आणि जावक विभागच नाही. पहिलं, मी स्वतः बसवलेलं जनरेटर काढायला गेलो, तर ते काढायचं बटण त्याच्याबरोबर आलंच नव्हतं. त्याने आपलं सामान इथल्या फोल्डरात थोडं, तिथल्या फोल्डरात थोडं असं ठेवून दिलं होतं, आणि ते एकेक हुडकून हाताने काढायचं होतं. काकांचं काढण्याचा एक हुकूम होता, पण तो ज्या मूळ मालाच्या फोल्डरात बसून द्यायचा, ते फोल्डर मी काम झाल्यावर नीटनेटकेपणाने पुसून टाकलं होतं. नीटनेटकेपणामुळे माझं आयुष्यात बरंच नुकसान झालं आहे, त्यात ही भर. भांडारी तेवढा सरळ निघाला. तो म्हणाला, काढतो, पण याच्या आधारावर इतर मंडळी बसली आहेत, त्यांचं काय करू? मी म्हटलं, त्यांनाही काढ. तो पुष्कळ वेळ काढत होता. नंतर कॉम्प्युटरवर चित्रं उघडायची बंद झाली.

राहिलं कारखान्याचं जुनं. ते काढायला गेलो, तर अधिकार नाही. बायकोला बोलावलं, भिंतीकडे वळलो. तिने पासवर्ड घातला, पण "झालं" काही ऐकू येईना. मी वळून पाहिलं. कॉम्प्युटर तिला सांगत होता की हे काढण्याचा अधिकार तुम्हालाही नाही.

"मला?" ती म्हणाली.

तिने पुन्हा घातला. पुन्हा तेच. आजवर त्या घरात तिला असं कोणी बोललं नव्हतं. साडूंनी "वहिनी, ते कंपनीचं असतं" असं समजावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांना घरी काम असल्याचं आठवलं. मी मात्र खरं सांगायचं तर मनातून जरासा सुखावलो. अधिकार नसलेल्या माणसाला सोबत मिळाली की बरं वाटतं.

त्या गडबडीत मी हाताने फोल्डर पुसत होतो आणि त्यातलं एक माझ्याच नियमांचं होतं, हे पुसल्यावर कळलं. गळ्याचा ठळक नियम गेला. बाहीचे गेले. पार्सर गेला. नमुना तेवढा वाचला, कारण तो बायकोच्या कागदावर होता. एवढ्या उपद्व्यापानंतर कॉम्प्युटरमध्ये उरलं ते फक्त कारखान्यातून आलेलं जुनं जनरेटर, हाक मारली की ओ देणारं. मी मारली नाही. नमुना पाठवायची वेळ झाली होती, बायकोने तो जसा होता तसा मासिकाला पाठवला आणि मला एवढंच म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही केलंत, तेवढं पुष्कळ झालं." हे वाक्य ऐकायला वाईट नव्हतं, पण ते आजारी माणसाला म्हणतात.

मासिकाला नमुन्याबरोबर छापायला विणलेल्या स्वेटरचा फोटो लागतो. तो स्वेटर बायको विणत नाही. तिची धाकटी बहीण, म्हणजे साडूंची बायको, लिहिलेल्या नमुन्यावरून विणते. ताईच्या शब्दापुढे तिने आजवर आपलं डोकं चालवलेलं नाही आणि त्याचा तिला अभिमान आहे. नमुना पाठवल्याला काही दिवस झाले असतील, तोच तिचा फोन आला. मीच घेतला.

"भावजी, ताई आहे का? काही नाही, जरा विचारायचं होतं, ही बाही थांबवायची कुठे?"

"म्हणजे?"

"नाही, ताईने काही विचार केला असणारच. पण आता लोकर संपत आली."

ती आणि साडू बाही घेऊनच आले. साडूंनी ती पिशवीतून काढायला सुरुवात केली आणि ती येतच राहिली. सोफ्यावरून खाली उतरली, गालिचा ओलांडून कॉम्प्युटरच्या टेबलापाशी पोचली, आणि तिथून पुढे जायला जागा नाही म्हणून वळली. वीण सुरेख होती. टाका न् टाका सारखा. अशी बाही ज्याला बसली असती, त्याला दाराची कडी काढायला जागेवरून उठायची गरज पडली नसती. आम्ही चौघंही तिच्याकडे पाहत बसलो. हसायचं कोणाला सुचलं नाही, कारण मासिक छापायला जायची वेळ आली होती.

बायकोने कागद काढला. ओळ नऊ ते सोळा पुन्हा पुन्हा विणत जावे. कुठपर्यंत, ते लिहिलंच नव्हतं. बाही मनगटाला पोचेपर्यंत, हे शब्द तिच्या मनात होते, तेव्हा तिने कितीदा वाचलं तरी तिला ते दिसत होते. तिच्या मनात काय आहे ते फक्त पार्सरला माहीत नव्हतं, आणि म्हणून त्या घरात त्याने एकट्यानेच तेवढं बरोबर वाचलं होतं. तो बिचारा पहिल्या दिवसापासून सांगत होता की अजून काहीतरी यायला हवं होतं. त्याबद्दल आम्ही त्याला मुळासकट उपटून काढलं.

"मी ही ओळ कधी लिहीत होते, माहीत आहे?" बायको हळूच म्हणाली. "तुम्ही मला पहिल्यांदा पासवर्डला उठवलंत तेव्हा."

साडूंनी बाहीची घडी घालायला घेतली. मला फार वाईट वाटलं. पान वाचवायला म्हणून मी जे बसवलं, ते बसवण्याच्या पायीच पान जायची वेळ आली होती, आणि माझ्याजवळ आता चूक दाखवायला पार्सरही नव्हता. मी म्हटलं, "फोन मी करतो. माझ्यामुळे झालं म्हणून सांगतो."

"तुम्ही बसा," ती म्हणाली आणि तिने स्वतः फोन लावला.

संपादिकाबाईंचा गोड आवाज खोलीभर ऐकू येत होता. बायकोने सांगितलं की बाहीच्या सतराव्या ओळीत एक दुरुस्ती आहे. मग आवाज म्हणाला, "छापायला जायच्या तोंडावर? कोणी पकडली चूक?"

बायको माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता बहिणीचं नाव घेईल. ते खरंही होतं.

"आमच्या ह्यांनी," ती म्हणाली. "गळ्याचं ते झालं ना, तेव्हापासून प्रत्येक नमुना हे नियम लावून तपासतात. मी बरोबर आहे म्हटलं तरी ऐकत नाहीत."

सव्वीस वर्षांत तिने माझ्याबद्दल परक्या माणसाशी इतकं चांगलं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. संपादिकाबाई म्हणाल्या, अशी जबाबदारी घेणारा माणूस मिळाला तर त्यांना हवाच होता, दुरुस्ती करून घेतो, पान अर्थातच तुमचंच. मग त्यांनी माझं पूर्ण नाव विचारून घेतलं. बायकोने ते हुद्द्यासकट सांगितलं.

मासिक आलं. बायकोने आधी सगळं वाचलं, जाहिरातींसकट, आणि मग सहज पोचल्यासारखी आपल्या पानावर आली. बाही मनगटापाशी थांबली होती. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, तपासणी, आणि पुढे माझं नाव. यापुढे दर महिन्याला छापणार आहेत. काही चुकलं तर पत्रं मला येतील, असंही संपादिकाबाईंनी गोड आवाजात कळवलं आहे. पार्सर नाही, तो पुन्हा बसवायचा विषय मी काढला नाही आणि तिनेही काढला नाही. पण नाव छापलं आहे म्हटल्यावर तपासायला तर हवं. म्हणून ऑफिसातून आलो की मी सुया घेऊन बसतो आणि तिने लिहिलेली प्रत्येक ओळ, लिहिलं आहे तसंच, अक्कल न चालवता विणून बघतो. बायको म्हणते, माझे उलट टाके घट्ट पडतात. सध्या पाठ चालू आहे.